आलेलुयाचा उपास

मुलांना जरा मजा येऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. माणसाची वाट लागायला याहून मोठा विचार लागत नाही, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दहिसरच्या चर्चमध्ये, भर मिस्सेत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, पॅरिशच्या सगळ्या लोकांसमोर कळलं. (ते लग्नातच कळायला हवं होतं, असं माझे मित्र म्हणतात. त्यांचं सोडा.)

आधी ओळख करून देतो. मी हर्षद परब. गाव मालवणजवळ, मुक्काम दहिसर. आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यांचं एक ऑफिस आहे, तिथे कारकून. बायको रेजिना. ती इथलीच, ईस्ट इंडियन कॅथलिक. आमच्या बिल्डिंगच्या जागी भातशेती होती तेव्हापासून तिची माणसं इथे आहेत, आणि भांडण झालं की हे ती मला ऐकवते. आमचं लग्न दोनदा लागलं, एकदा भटजींसमोर आणि एकदा फादरसमोर, त्यामुळे मोडायचं तर दोनदा मोडावं लागेल या धास्तीने दोघंही टिकून आहोत. मुलगी अक्षता, आठ वर्षांची. बाप्तिस्म्याचं नाव अ‍ॅग्नेस. घरात दीड दिवसाचा गणपती येतो आणि ख्रिसमसचा गोठाही होतो. (गोठ्यातल्या म्हशी मी आणतो. बेथलेहेमात म्हशी नव्हत्या असं रेजिना म्हणते. पण आमच्या ऑफिसची काही इज्जत आहे की नाही?)

घरात आणखी माझे वडील आहेत, धोंडू बुवा. पूर्वी गिरणीत होते. गिरणी गेली, पेटी राहिली. आमच्या मालवणी मुलखात डबलबारी म्हणून भजनाचा सामना होतो. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं आणि दुसऱ्याने त्याच्यावर चढ करायचा. सगळ्यात शेवटी गजर. एकच ओळ, आधी सावकाश, मग जलद, मग आणखी जलद, आणि मग बुवाचा घसा आधी जातो की पखवाजाचं कातडं एवढंच बघायचं. बाबांनी डबलबाऱ्या गाजवल्या आहेत. मी त्यांचा मुलगा असून बुवा झालो नाही. माझा आवाज मोठा आहे, पण सूर त्याच्या मागून धावत येतो आणि बहुतेक वेळा दोघांची चुकामूक होते.

रेजिनाचं तसं नाही. ती गायला लागली की आमच्या मजल्यावरचे मिक्सर बंद होतात. चर्चमध्ये रविवारी सकाळी एक मराठी मिस्सा असते, तिथल्या लहान मुलांना ती गाणी शिकवते. पगार नाही, कौतुक नाही, वर पोरांच्या आयांची बोलणी. तरी तीन वर्षं तिने हे लावून धरलं होतं, कारण तिला एक गोष्ट फार लागली होती. ती मला म्हणाली होती, "हर्षद, या पोरांना मिस्सा म्हणजे मम्मीच्या मोबाइलवर गेम खेळायला मिळणारा एक तास वाटतो रे. माझ्या आईला सगळी गाणी तोंडपाठ होती. माझ्यानंतर कोण गाणार?" ईस्टरच्या मिस्सेत, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, मुलांनी गावं हे तिचं स्वप्न होतं. दर वर्षी तो मान मोठ्यांच्या गायनमंडळाला जायचा. या वर्षी ती फादर ऑस्करच्या मागेच लागली. शेवटी फादर म्हणाले, "ठीक आहे. येत्या रविवारी मुलांना गाऊ दे. नीट झालं तर ईस्टर त्यांचा."

आणि सोमवारी रेजिनाचा आवाज गेला.

बसला नाही, गेलाच. डॉक्टरांनी घशात टॉर्च मारली आणि सांगितलं, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." मी शेजारीच बसलो होतो. माझ्या चेहऱ्यावर नेमकं काय उमटलं मला माहीत नाही, पण डॉक्टरांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरून विचारलं, "तुम्हाला काय झालं?"

घरात शांतता होईल ही माझी कल्पना तासाभरात संपली. रेजिनाने व्हॉट्सअ‍ॅप काढलं. एकाच सोफ्यावर आम्ही बसलेलो, आणि माझ्या खिशात फोन वाजायचा: 'पाय खाली घे.' तोंडाने बोलताना ती निदान श्वास घ्यायला थांबायची.

पण ती कासावीस झाली होती हे दिसत होतं. मुलांची प्रॅक्टिस कोण घेणार? मोठ्या मंडळातलं कुणी येईना. (त्यांचा ईस्टर जाणार होता, ते कशाला येतील?) मला तिचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "मी घेतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर 'टायपिंग' असं दिसायला लागलं. थांबलं. परत सुरू झालं. परत थांबलं. मी चहा करून आलो तरी चालूच. शेवटी मेसेज आला: 'ओके. चार गाणी देते. तेवढीच घे. स्वतःचं डोकं लावू नको.'

चर्चच्या मागे धर्मशिक्षणाची एक खोली आहे. मंगळवारी संध्याकाळी मी तिथे गेलो. डझनभर पोरं बाकांवर बसली होती. मी म्हटलं, "मी अक्षताचा पप्पा. तुमच्या टीचरचा मिस्टर." त्यावर पहिल्या बाकावरचा ड्वेन म्हणाला, "माहितेय. तुम्ही मिस्सेत चुकीच्या वेळी बसता." मी गाणी काढली.

गाणी सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण सगळी संथ, सगळी पश्चात्तापाची. आठ-आठ वर्षांची पोरं, त्यांनी पश्चात्ताप करावा असं अजून आयुष्यात झालंय काय? दुसऱ्या कडव्याला एकाने जांभई दिली आणि ती खोलीभर फिरली. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"अंकल, फादर हल्ली जांभळे कपडे का घालतात?"

"पांढरे लवकर मळतात."

"वेदीवर फुलं का नाहीत?"

"उन्हाळा आहे. टिकत नाहीत."

"मग ते 'गौरव असो'वालं गाणं का नाही म्हणत हल्ली?"

"लांबलचक आहे. लोकांना घाई असते."

आमच्या ऑफिसात 'माहीत नाही' असं उत्तर द्यायची पद्धत नाही. आता मागे वळून बघितलं की कळतं, देवाने त्या पोरांच्या तोंडून मला तीन-तीन वेळा सावध केलं होतं. पण मी कारकून. मी तिन्ही प्रश्न निकाली काढून मोकळा झालो.

घरी आलो तर बाबा पेटी पुसत बसले होते. मी त्यांना सांगितलं, "बाबा, पोरं झोपतात."

"झोपतली नाय तर काय करतली?" बाबा म्हणाले. "पोरांक गजर होयो. नुसतां रडगाणां कित्याक? देवाचां नाव जोरात घेतल्यार देव रागावता काय?"

मला ते एकदम पटलं. (बाबांचं मला पटलं की पुढे काहीतरी फुटतं, हा आमच्या घरचा अनुभव आहे.) मी रेजिनाचं गीतांचं पुस्तक उघडलं आणि चाळत चाळत शेवटाकडे गेलो. तिथे एक शब्द पानभर परत परत छापलेला होता. आलेलुया. वा. शब्द एकच, अर्थ देवाची स्तुती, पाठांतराची कटकट नाही. गजराला आणखी काय लागतं? शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला येशूच्या गोष्टीचा भाग, वाचायच्या आधी सगळे उभे राहून हा म्हणतात, एवढं मला दाराजवळ उभं राहून राहून माहीत झालं होतं. म्हणजे जागाही ठरलेली. बाबांनी पेटीवर चाल बसवून दिली.

बुधवारी मी पोरांना म्हटलं, "आज एक नवीन मजा." आधी सावकाश घेतलं. मग जलद. मग टाळ्या. मग मुलगे विरुद्ध मुली अशी डबलबारीच लावून दिली. ड्वेन बाकावर चढला. कालपर्यंत पेंगणारी पोरं लाल होऊन गात होती. फक्त प्रिसिला नावाची एक शहाणी मुलगी सारखा हात वर करत होती. मी तिला बाथरूमला पाठवलं. परत आली, परत हात वर. परत पाठवलं. असं झालं तीन-चारदा. शेवटी तिने हात वर करणं सोडून दिलं, आणि मला बरं वाटलं की तिचं पोट ठीक झालं.

गुरुवारी पोरं वेळेच्या आधी येऊन बसली. आया मला नमस्कार करायला लागल्या. चाल अशी झकास होती की माझ्याही जिभेवरून उतरेना. ऑफिसात गुणगुणत होतो, तर शुक्रवारी आमचे गोठेवाले अंबादास म्हशी बांधताना तीच चाल म्हणत होते. मी विचारलं, "काय गाताय?" ते म्हणाले, "ठाऊक नाही साहेब, पण जनावरं शांत उभी राहतात."

रेजिनाला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला सरप्राइज द्यायचं होतं. ती वाफारा घेत बसलेली असायची, टॉवेलमधून एक अंगठा बाहेर काढून विचारायची, तर मीही अंगठा दाखवायचो. बिचारीला वाटायचं, नवरा सुधारला.

शनिवारी संध्याकाळी अक्षता आंघोळीला गेली आणि नळ सोडून गायला लागली. सावकाश. मग जलद. मग बादलीवर ठेका.

रेजिना स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात कालथा. तोंड उघडं, आवाज नाही. आमच्या लग्नात मी तिचे सगळे चेहरे बघितलेत, पण हा नवीन होता. तिने कालथा माझ्या हातात दिला आणि फोन घेतला.

'हे कुणी शिकवलं?'

"मी. सरप्राइज. उद्या फादर बघत राहतील."

'हर्षद, उपवासकाळ चालू आहे.'

"माहीत आहे की. शुक्रवारी मासेच खातो ना आपण."

'राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत हा शब्द चर्चमध्ये कोणी म्हणत नाही. एकदाही नाही. आनंदाचा शब्द आहे तो. चाळीस दिवस त्याचाही उपास असतो. ईस्टरला तो पहिल्यांदा परत येतो, त्यासाठी राखून ठेवतात.'

मला हळूहळू उजाडायला लागलं. जांभळे कपडे. फुलं नाहीत. प्रिसिलाचा हात. मी विचारलं, "म्हणजे हे श्रावणात कोंबडी खाण्यासारखं झालं?"

तिने टाइप केलं: 'देवळात बसून.'

बाबा पेटीमागून म्हणाले, "तरी माका वाटला होता."

"बाबा, तुम्हीच सांगितलंत गजर घे म्हणून."

"मी गजर घी म्हटलंय. खयचो घेवचो तां बायलेक इचारूक नको?"

रेजिना चिडली असती तर मी सहन केलं असतं, मला सराव आहे. पण ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिचे डोळे भरून आले. फोनवर दोनच शब्द आले: 'तीन वर्षं.' मी ते वाचले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या कालथ्याने मीच मला हाणून घ्यावं असं वाटलं. हिने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, की डोकं लावू नको. माझं डोकं लागत नाही म्हणून आयुष्यभर सगळे बोलतात, आणि नेमकं याच आठवड्यात ते लागलं.

मी म्हटलं, "रेजी, तू काळजी करू नको. मी शिकवलंय, मीच विसरायला लावतो."

पालकांच्या ग्रुपवर मी व्हॉइस नोट टाकली. मुलांनो, उद्या हा शब्द म्हणायचा नाही. कोणता शब्द, तर आलेलुया. आलेलुया का नाही म्हणायचं, तर उपवासकाळ आहे. चाल कोणती म्हणाल तर ही, आणि मी चालीत म्हणून दाखवलं. शेवटी आठवण म्हणून आणखी एकदा. उत्तरादाखल अंगठे आले. एका आजोबांनी नेहमीच्या सवयीने गुलाबाच्या चित्रावर तोच शब्द लिहून पाठवला. ड्वेनच्या आईने लिहिलं, 'तो विसरला होता, तुमची नोट ऐकून परत सुरू झालाय.'

रेजिनाने कपाळाला हात लावला. मग सांगितलं की उपवासकाळात त्या जागी दुसरी ओळ म्हणतात, प्रभू येशू ख्रिस्ताची स्तुती असो अशा अर्थाची, ती बसव. मी लगेच बसवली. त्याच चालीवर. तिने लिहिलं: 'चाल बदल. जीभ घसरेल.' मी म्हटलं, "आता नवीन चाल शिकवायला वेळ कुठे आहे?" तिने लिहिलं: 'उद्या मी उभी राहते मुलांसमोर. हात हलवायला आवाज लागत नाही.'

खरं म्हणजे हे एवढं सोपं होतं. पण मी म्हणालो, "असं कसं? पोरांना माझ्या हाताची सवय झालीय. ऐन वेळी हात बदलला तर गोंधळतील." तिने फोन उचलला आणि काही न लिहिता परत खाली ठेवला. मग तिने मान हलवली. मला वाटलं, विश्वास बसला.

रविवारी आम्ही लवकर पोचलो. पोरं धर्मशिक्षणाच्या खोलीत जमली होती. रेजिनाने मला खूण केली की चष्मा घरी राहिला, घेऊन ये. मी धावत गेलो, घरभर शोधलं, चष्मा नाही. घामाघूम होऊन परत आलो तर चष्मा तिच्या नाकावर होता. पोरं अगदी शहाण्यासारखी ओळीत उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. चला, म्हटलं, पोरं खुशीत आहेत.

वेदीच्या बाजूला पायऱ्यांवर मुलं उभी राहिली. मी त्यांच्यासमोर, लोकांकडे पाठ करून. माझ्या मागे पहिल्या बाकावर रेजिना आणि तिच्याशेजारी बाबा. बाबांनी नवा सदरा घातला होता. चर्च भरलं होतं. मोठं गायनमंडळ तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसलं होतं.

पहिलं गाणं. मी दोन्ही हात उंच उडवले. पोरं गप्प. परत उडवले. गप्प. शेवटी मी हात खाली सोडले, तशी पोरांनी एकदम, एका सुरात गायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, जरा बुजली होती बिचारी. पुढे 'प्रभू, दया कर' या गाण्याच्या वेळीही तसंच. मी हात केला की गप्प, हात सोडला की गाणं. पण गात होती सुंदर, आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणजे अगदी डोळ्यांत नाही, जरा कानाच्या बाजूने. लहान मुलांना मोठ्यांच्या डोळ्यांत बघायला लाज वाटते, मला कळतं ते.

उभं कधी राहायचं, बसायचं कधी, ही माझी जुनी अडचण. मी बाजूच्या बाकावरच्या मालनबाईंवर नजर ठेवली, नेहमी येणाऱ्या म्हातारबाई. त्या बसल्या, मी बसलो. पोरं उभीच. मी त्यांना बसा म्हणून खुणावलं. एक हलेल तर शपथ. नंतर कळलं की मालनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना फादरनी कधीही बसायची परवानगी दिली आहे.

मग स्तोत्र आलं. ते अक्षता एकटीच म्हणणार होती. माझी पोर एक पाऊल पुढे आली, वेणीशी चाळा केला आणि गायला लागली. मी हात वगैरे काही केलं नाही. विसरलोच. त्या एवढ्याशा गळ्यातून इतका स्वच्छ सूर निघाला की मागे कुठेतरी कुरकुरणारं बाळसुद्धा थांबलं. तो आवाज माझ्याकडून आलेला नव्हता, हे ऐकणाऱ्याला लगेच समजत होतं. तो रेजिनाचा होता, आणि रेजिनाच्या आईचा. रेजिनाला हेच हवं होतं. ते मला तिथे, त्या पायरीसमोर पहिल्यांदा नीट कळलं, आणि माझा घसा दाटून आला. (दाटून तसाच राहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.)

आता शुभवर्तमान. सगळे उभे राहिले. फादर ऑस्कर ग्रंथ उचलून चालायला लागले. पोरांनी ओळ धरली. प्रभू येशू ख्रिस्ता, तुझी स्तुती असो. बरोबर. अक्षताने मधलं वचन म्हटलं. परत सगळ्यांनी ओळ धरली. बरोबर. आता शेवटची एक फेरी, मग संपलं. पण चाल तीच होती हो, बाबांनी बसवलेली, गजराची, वर वर चढत जाणारी. मी पोरांच्या तोंडांकडे बघत होतो, ड्वेनच्या ओठांकडे तर जास्तच. शेवटचा सूर आला. पोरांनी तो नेमका धरला आणि नेमका सोडला. एकाचीही जीभ घसरली नाही. चर्चमध्ये शांतता पसरली.

आणि माझ्या अंगात सात पिढ्यांचे बुवा आले.

मी म्हटलं नाही, ते निघालं. दोन्ही हात छताकडे, डोळे मिटलेले, आणि एकट्याचा आवाज, सुराच्या बराच पुढे: आलेलुयाऽऽऽ. त्या चर्चचं छप्पर उंच आहे. शेवटचा 'या' वर गेला, फिरला आणि सावकाश परत आला. मागून पहिल्या बाकावरून पन्नास वर्षांच्या सवयीने बाबांनी टाळी दिली. एकच. मग त्यांनाही समजलं.

मी डोळे उघडले. फादर ऑस्कर ग्रंथ हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मालनबाईंकडे बघितलं. त्या बसलेल्या होत्या, म्हणून मीही बसलो.

फादरनी सरळ शुभवर्तमान वाचलं. पण प्रवचनात ते म्हणाले, "उपवास म्हणजे तोंडाशी आलेलं मागे ठेवणं. चाळीस दिवस लांब वाटतात. ईस्टरला अजून अवकाश आहे, पण आपल्यातल्या काहींना घाई झालेली आहे." सगळं चर्च रुमालात खोकत होतं. मी जमिनीवरच्या फरशा बघत होतो. मागे वळून रेजिनाकडे बघायची माझी छाती नव्हती. तीन वर्षांची तिची मेहनत, आणि मी एका शब्दात बुडवली होती.

मिस्सा संपल्यावर फादरनी आम्हाला बाजूच्या खोलीजवळ बोलावलं. पोरं, रेजिना, बाबा आणि सगळ्यात मागे मी. मी म्हटलं, "फादर, चूक माझी आहे. पोरांची काही नाही. हिची तर नाहीच. तुम्ही मला काय ते बोला, पण ईस्टर काढून घेऊ नका."

फादर म्हणाले, "ईस्टर कोण काढून घेतंय? मुलं ईस्टरला गातील."

रेजिनाने तोंडावर दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. आवाज न करता. तिचं रडणंही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं. मलाही राहवेना. बाबांनी सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले.

"मी धर्मशिक्षणाच्या खोलीच्या वरच राहतो," फादर पुढे म्हणाले. "बुधवारपासून रोज संध्याकाळी तुमचा तो गजर मला ऐकू येत होता. वाटलं, रविवारपर्यंत कुणीतरी सांगेल. खरं सांगू? चाल चांगली होती, मीही दोनदा गुणगुणलो आणि जीभ चावली. म्हणून तर मला आज नवल वाटलं." ते पोरांकडे वळले. "तो शब्द जिभेवर असून तुम्ही गिळलात. मोठ्यांना जमत नाही ते. तुम्हाला कसं जमलं?"

पोरं एकमेकांना ढोसायला लागली. मी छाती जरा पुढे काढली. म्हटलं, आता माझ्या व्हॉइस नोटचं नाव निघेल.

अक्षता म्हणाली, "सोपं होतं, फादर. सकाळी पप्पा चष्मा शोधायला गेले ना, तेव्हा मम्मीने फळ्यावर लिहून दिलं होतं. पप्पांच्या मागे मी बसणार आहे, माझ्या बोटाकडे बघायचं. आणि पप्पा जे करतील ते करायचं नाही."

"आम्ही काहीच केलं नाही ते," ड्वेन अभिमानाने म्हणाला. "बसलोपण नाही."

म्हणजे कानाच्या बाजूने बघत होती ती यासाठी. मी रेजिनाकडे वळलो. "मग मला उभं कशाला केलंस गं?"

तिने डोळे पुसत फोन काढला. 'तुला किती हौस होती. वाईट वाटलं असतं तुला.'

मला एकदम भरून आलं. बायको असावी तर अशी.

फादर गंभीर झाले. "रेजिना, एक विनंती आहे. ईस्टरलाही यांना मुलांसमोर असंच उभं करा."

"मला?" मी म्हटलं. "आणि मी करायचं काय?"

"आज केलंत तेच. काय करायचं नाही ते समोर दिसत असलं की मुलांना फार लवकर समजतं."

मी रेजिनाकडे पाहिलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. तिने घसा साफ केला, डॉक्टरांचा सल्ला मोडला, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा, घोगऱ्या आवाजात बोलली.

"घाबरू नका, फादर. एवढं त्यांना न शिकवता येतं."